महाराजांनी ऐकलं

एका राज्यात एक राजा राज्य करी, आणि तो सगळ्यांचं ऐके. तुम्ही म्हणाल, मग कहाणी कसली? राजा ऐकतो, प्रजा सुखात नांदते, झालं. जरा दम धरा. इतकं सोपं असतं तर मी कशाला घसा कोरडा करत बसलो असतो?

राजाचं नाव गुणसागर. दरबारात कुणीही यावं, गाऱ्हाणं मांडावं. राजा मान डोलवी आणि म्हणे, "आम्ही ऐकलं." लगेच चोपदार काठी आपटून ललकारे, "महाराजांनी ऐकलं हो!" बाहेर नगारा झडे, गावोगाव दवंडी जाई, आणि गाऱ्हाणं मांडणारा मानाची शाल पांघरून घरी परते. घरी पोचल्यावर त्याच्या ध्यानात येई, की शाल मिळाली, नारळ मिळाला, गाऱ्हाणं मात्र होतं तिथंच आहे. पण एकदा दवंडी पिटून झाल्यावर पुन्हा कोणत्या तोंडाने जावं? महाराजांनी ऐकलं म्हणजे ऐकलं.

त्या राज्याच्या उत्तरेला धवळा नावाचा डोंगर होता. माथ्यावर मोठं तळं, कुशीत घुंगुरी नदीचा उगम, पायथ्याशी हिरडगाव. डोंगराच्या पोटात सोन्याचे रांजण आहेत आणि त्या सोन्याला शाप आहे, हे राज्यातलं शेंबडं पोरही सांगे. राजाने रांजण तेवढे लक्षात ठेवले, शाप सोडून दिला, आणि डोंगराला कुदळी लावल्या. पहिल्याच रांजणात कुंडलांची जोडी निघाली. राजाने ती हौसेने कानांत घातली. दिवस मावळेपर्यंत कुंडलं कानांत विरघळली, कानाची भोकं बुजली आणि दोन्ही कान सोन्याचे झाले. राजवैद्य चळचळा कापू लागला. प्रधान गोडबोध मात्र हात जोडून म्हणाला, "महाराज, सोन्याचं सिंहासन पुष्कळांना असतं. सोन्याचे कान आपल्यालाच." राजाला ते पटलं. दुसऱ्या दिवशी कुदळी दुप्पट झाल्या.

मग रान तुटू लागलं, नदी गढूळ झाली, डोंगराच्या पोटात गुरगुर ऐकू येऊ लागली. लोकांची कुरकुर वाढली. तेव्हा गोडबोधाने तोडगा काढला. तो म्हणाला, "डोंगर, नदी, रान यांना वाचा नाही, म्हणून ज्याला त्याला त्यांचा कैवार घेता येतो. महाराज, त्यांनाच वाचा द्या, दरबारात आसनं द्या. मग त्यांचं कुणी ऐकत नाही असं म्हणायची कुणाची छाती होणार?" राजा प्रसन्न झाला. दूरदेशीचा मांत्रिक आला, त्याने मूठभर अक्षता फेकल्या, आणि मुक्यांना वाचा फुटली. तीन चांदीची आसनं मांडली. एकावर डोंगराची शिळा ठेवली, एकावर नदीची घागर, एकावर खैराची फांदी. तिघांना शाली पांघरल्या, तिघांना विडे दिले. शिळेने विडा खाल्ला नाही, तरी मान म्हणून दिला.

नदी बोलली, "राजा, माझ्या उगमापाशी खणू नकोस. वरच्या तळ्याची भिंत पातळ झाली आहे. ती फुटली की हिरडगाव जाईल."

राजा म्हणाला, "आम्ही ऐकलं."

"महाराजांनी ऐकलं हो!" चोपदाराची काठी आपटली, नगारा झडला.

डोंगर बोलला तेही हेच. त्यालाही हेच उत्तर मिळालं. खैर बोलायला लागला, पण तो पडला झाड. त्याने "मी" एवढा शब्द उच्चारेपर्यंत जेवणवेळ झाली, आणि दरबार उठला.

राजाशेजारी राणी बसली होती. तिचं नाव हेमाळी. ती राजघराण्यातली नव्हती. हिरडगावच्या केशोबा सोनाराची ती लेक. गावाच्या खालच्या आळीत तिच्या बापाचं दुकान होतं, आणि म्हातारा अजून तिथेच ऐरणीशी बसून असे. दरबार उठल्यावर ती राजापुढे उभी राहिली.

"महाराज, माझं माहेर बुडेल. खणणं थांबवा."

राजाने तिच्याकडे मायेने पाहिलं. माया खोटी नव्हती, तेवढं मी त्याच्या बाजूने सांगतो. तो म्हणाला, "राणी, आम्ही ऐकलं."

आणि तेव्हा राणीने पाहिलं. तिचे शब्द राजाच्या उजव्या कानातून आत गेले आणि डाव्या कानातून बाहेर पडले. तांदळाच्या दाण्याएवढे, चकचकीत, टपटप गालिच्यावर. एक म्हातारी दासी खराटा घेऊन आली आणि ते लोटू लागली.

"काय झाडतेस?" राणीने विचारलं.

"शब्द, राणीसाहेब. या कानातून जातात, त्या कानातून पडतात. मी उकिरड्यावर नेऊन टाकते."

"कान सोन्याचे झाल्यापासून?"

"आधीही पडायचे. पण तेव्हा एखाददुसरा आत राहायचा," दासी म्हणाली, आणि सुपली भरून चालती झाली.

सकाळी राणी वाड्यामागच्या उकिरड्यावर गेली. तिथे शब्दांचा डोंगर झाला होता. त्यात शिळेचे शब्द होते, घागरीचे होते, कुणा विधवेचे होते, कुणा शिक्षकाचे होते, आणि सगळे आपापसांत पुटपुटत होते. राणीने वाकून नदीचे तेवढे शब्द वेचले आणि पदराच्या गाठीला बांधले. वरच्या फांदीवर एक तांबट पक्षी बसला होता. लाल कपाळ, हिरवं अंग, आणि टुक् टुक् टुक् असा अखंड ठोका.

"सोनाराची ना गं तू?" तांबट म्हणाला. "मी तांबट. म्हणजे आपण भाऊबंदच. म्हणून सांगतो. सोन्याचे कान टोचल्याशिवाय मोकळे होत नाहीत. आणि कान सोनारानेच टोचावेत, हे तुला मी सांगायला नको."

"माझ्यापाशी सोन्याची तार आहे."

"ती चालायची नाही. शापाला शाप टोचत नाही. डोंगराची तार हवी, खैराचे निखारे हवेत, आणि नदीचं पाणी हवं."

"ते मला देतील?"

"देतील. मात्र तू त्यांचं ऐकायला हवंस."

"ऐकेन."

"सगळे असंच म्हणतात," तांबट म्हणाला आणि उडून गेला.

राणीला ते झोंबलं. पालखी न मागवता, कुणाला न सांगता ती पायी निघाली. पायांत जोडे होते तेही पहिल्या चढाला तुटले. धवळ्याच्या पायथ्याशी उभी राहून ती म्हणाली, "डोंगरा, मला तार दे. राजाचे कान टोचायचे आहेत."

डोंगर म्हणाला, "माझ्या पोटातलं जे तुझ्या अंगावर आहे, ते परत दे."

राणीने पाटल्या काढल्या, तोडे काढले, चंद्रहार काढला, नाकातली नथ काढली. खाणीच्या तोंडाशी ढीग झाला. मग तिचा हात गळ्याशी गेला आणि तिथे थांबला. मंगळसूत्राच्या दोन वाट्या राहिल्या होत्या.

"हेही?"

"तेही माझंच आहे."

आता बायका मला विचारतील, तिला काहीच वाटलं नाही का? वाटलं. पण तिच्या सख्ख्या आत्याने सोनाराच्या घरात जन्म घेऊन विशीत कुंकू पुसलं होतं. सौभाग्य वाट्यांत असतं, तर सोनाराच्या घरी कुणी विधवाच झालं नसतं. हेमाळीने वाट्या काढून ढिगावर ठेवल्या आणि नुसते काळे मणी दोऱ्यात ओवून गळ्यात बांधले. तेव्हा खडकाला चीर गेली आणि आतून वीतभर लोखंडाची तार बाहेर आली. करडी, बारीक, टोकाला तीक्ष्ण. ती तिने केसांत खोवली.

तिथून ती रानात गेली. रान कसलं, बुंधेच बुंधे. मधोमध थोडे खैर शिल्लक होते. त्यांतला सर्वांत जुना खैर म्हणाला, "मा... झं... बो... ल... णं... पु... रं... हो... ई... स्तो... व... र... उ... ठू... न... को... स." एवढं म्हणेपर्यंतच ऊन डोक्यावर आलं. राणी बुंध्याला टेकून बसली. मुंग्या चावल्या, तहान लागली, पाय आखडले. खैर एक अक्षर बोले, मग वारा वाहे, मग दुसरं अक्षर. पुन्हा ऊन आलं, पुन्हा गेलं. लाकूडतोडे कुऱ्हाडी परजत आले आणि राणीसाहेबांना झाडाखाली बसलेलं पाहून घोटाळले. राणीच्या डोक्यावर झाड पाडायचं कसं? ते मुकाट परतले. दुसऱ्या दिवशी आले, पुन्हा परतले. नंतर यायचे थांबले.

खैराचं बोलणं अखेर संपलं. ते मी तुम्हांला एका दमात सांगतो, नाहीतर आपणही इथेच बसू. खैर म्हणाला, "मी काय बोलणार? मला वाचा नकोच होती. कुणी बसलं की कुऱ्हाड थांबते. मला बसणारं माणूस हवं होतं." आणि त्याने आपली एक वाळकी फांदी राणीच्या ओटीत टाकली.

राणीला हसूही आलं आणि रडूही. ती तशीच उठली, नदीच्या उगमाशी आली. दगडांच्या फटीतून एक धार अजून स्वच्छ येत होती. वरून तळ्याच्या भिंतीतून पाणी पाझरत होतं, माती भिजून काळी पडली होती.

"घुंगुरे, मला गडूभर पाणी दे."

"देईन. आधी हिरडगाव रिकामं कर."

"कान टोचले की राजाच करील ते रिकामं. वेळ नको दवडू गं."

धार आक्रसली. राणीच्या मनात तांबटाचं बोलणं उठलं, आणि तिला स्वतःचीच लाज वाटली. ऐकेन म्हणाली होती, आणि तिसऱ्या अटीला राजासारखी वागायला निघाली होती. तिने गडू तिथेच ठेवला आणि माहेरची वाट धरली.

राणी आलेली पाहून सारं हिरडगाव चावडीपुढे गोळा झालं. उघडे हात, उघडं नाक, गळ्यात काळा दोरा. बायका कुजबुजल्या. केशोबा सोनार काठी टेकत आला आणि त्याने लेकीला आपादमस्तक न्याहाळलं.

"आबा, तळं फुटणार आहे. गाव हलवा. वरच्या माळावर चला."

केशोबा म्हणाला, "हेमे, दवंडी आली होती की. महाराजांनी ऐकलंय."

"ऐकलंय," पाटील म्हणाला. "आम्ही इथं नगारा ऐकला."

"ऐकलंय म्हणजे काळजी मिटली," एक म्हातारी म्हणाली. "भिंतीतून पाणी येतंय ते आता थांबेलच हळूहळू."

"आबा, त्यांनी काही केलेलं नाही."

"अगं, ऐकलं म्हणजे केलंच की," केशोबा म्हणाला. "आपल्यात कुणी ऐकलं म्हणतो तेव्हा दुसरं काय असतं? तू लहानपणी माझं ऐकायचीस म्हणजे काय करायचीस? नुसती कान देऊन बसायचीस का? स्वतःच्या नवऱ्यावर विश्वास नाही तुझा?"

तिला रडू फुटलं. सगळं गाव एका शब्दावर निवांत बसलं होतं, आणि त्यात त्यांची चूक तरी काय होती? हिरडगावात ऐकणं आणि करणं यांत कधी अंतरच नव्हतं. तिने डोळे पुसले, पदराची गाठ सोडली आणि नदीचे शब्द चावडीच्या ओट्यावर ओतले. शब्द बोलू लागले, जसे दरबारात बोलले होते तसेच. भिंत पातळ झाली आहे. हिरडगाव जाईल. हिरडगाव जाईल.

केशोबाने एक शब्द चिमट्यात धरला. कनवटीचा कसोटीचा दगड काढला आणि शब्द त्यावर ओढला. पिवळीधमक रेघ उमटली.

"शब्द खरा आहे," तो म्हणाला. "पण हेमे, हा तुला मिळाला कुठे?"

"महाराजांच्या उकिरड्यावर."

पाटलाने खांद्यावरचं घोंगडं झटकलं आणि पोरांना गुरं सोडायला सांगितलं. त्या दिवशी चुली विझल्या, पाळणे उतरले, जाती डोक्यावर चढली, आणि हिरडगाव माळाच्या वाटेला लागलं. राजाचे कान टोचायचे आहेत, हे लेकीकडून कळल्यावर केशोबाने शेगडी आणि फुंकणी तिच्या हाती दिली. ऐरण त्याला उचलवेना, ती दुकानातच राहिली.

"आबा, टोचताना मला हात कापरा होईल असं वाटतं."

"टोचताना रडणाऱ्याच्या तोंडाकडे बघू नये," केशोबा म्हणाला. "कानाकडे बघावं."

राणी उगमाशी परतली. धार पुन्हा मोकळी वाहत होती. गडू आधीच भरलेला होता.

ती राजधानीत पोचली त्या दिवशी दरबारात सोहळा होता. मांत्रिक पुन्हा आला होता, चौथं चांदीचं आसन मांडलं होतं. आता तळ्याला वाचा द्यायची होती. राणी शेगडी घेऊन आत आली, आणि तिचा तो अवतार पाहून दरबार चित्रासारखा थिजला.

"महाराज, आपले कान टोचायचे आहेत."

लोखंड घेऊन राजाच्या अंगाला हात लावणाऱ्याचं मुंडकं उडवावं, असा तिथला कायदा. पण गोडबोधाला वाटलं, सोन्याच्या कानांना भोकं म्हणजे नवी कुंडलं, नवी कुंडलं म्हणजे नवा सोहळा. तो म्हणाला, "फार उत्तम कल्पना. राणीसाहेब सोनाराच्याच लेक. मुहूर्तही आजचाच."

"आम्ही ऐकलं," राजा म्हणाला.

"कान टोचताना मामाच्या मांडीवर बसवतात," राणी म्हणाली. "महाराजांना मामा नाहीत. प्रधानजी, आपण बसा."

गोडबोध मोठ्या अभिमानाने मांडी घालून बसला आणि त्याने राजाला मांडीवर घेतलं. असा तो भर दरबारात मामा झाला, आणि त्याला ते कळलंही नाही. राणीने शेगडीत खैर पेटवला, फुंकणीने फुंकला. तार लाल झाली. गडूत बुडवून तिने तारेला पाणी दिलं. चर्र आवाज झाला. मग तिने राजाच्या तोंडाकडे न बघता कान धरला आणि तार आरपार घातली. आधी उजवा, मग डावा.

"दुखतंय," राजा म्हणाला. कान सोन्याचे झाल्यापासून त्याला कुठेही काही दुखलं नव्हतं.

"दुखू द्या," राणी म्हणाली. तिचे डोळे वाहत होते, हात मात्र स्थिर होता.

तेवढ्यात मांत्रिकाच्या अक्षता पडल्या आणि चौथ्या आसनावरची तळ्याच्या पाण्याची कळशी बोलली, "राजा, माझी भिंत फुटतेय."

तो शब्द राजाच्या उजव्या कानातून आत गेला. दासी खराटा घेऊन डावीकडे उभी होती. ती वाट पाहत राहिली. शब्द बाहेर आलाच नाही. राजाचा चेहरा पांढरा पडला. चोपदाराने सवयीने काठी आपटली. "महाराजांनी ऐकलं..."

"गप्प," राजा म्हणाला. "अजून ऐकलेलं नाही." मग तो कळशीकडे वळला आणि जन्मात प्रथमच त्याने विचारलं, "मी काय करू?"

"आधी खाली उतर," तळं म्हणालं.

राजा प्रधानाच्या मांडीवरून उतरला, सिंहासनाच्या पायऱ्या उतरला आणि तडक अश्वशाळेकडे धावला. त्याच्यामागे राणी, राणीमागे पहारेकरी, पहारेकऱ्यांमागे कुणी कुणी. खाणीवरच्या कुदळी थांबल्या आणि त्याच हातांत माती भरलेल्या पाट्या आल्या. मोठी भिंत तगली. कडेचा एक लचका मात्र गेलाच, आणि खालच्या आळीवरून पाणी फिरलं. माणूस एकही गेलं नाही. सोनं पुन्हा डोंगराच्या पोटात गेलं. चांदीची चारही आसनं वितळवून त्यांच्या घंटा करून रानातल्या गुरांच्या गळ्यात बांधल्या. गोडबोधाला खैराशेजारी बसायचं काम मिळालं. राजाचे कान पुन्हा मांसाचे झाले आणि शाप फिटला.

पाणी ओसरल्यावर राजा खालच्या आळीत गेला. गुडघाभर चिखलात उभा राहून त्याने सासऱ्याच्या दुकानाची जागा शोधली आणि हातांनी उकरून ऐरण वर काढली. केशोबा काठावर उभा होता.

"जावईबापू," म्हातारा म्हणाला, "चार पिढ्यांचं दुकान होतं. नदीने वेळेवर सांगितलं होतं."

राजाने तोंड उघडलं. सोबत आलेले दरबारी त्याच्याकडे बघत होते, चोपदाराची काठी अर्ध्यावर उचललेली होती. राजाने तोंड मिटलं. चिखलाने माखलेली ऐरण त्याने डोक्यावर घेतली आणि माळाचा चढ चढू लागला. राणी त्याच्या पुढे वाट दाखवत चालली. ते वर पोचले, नवं दुकान उभं राहिलं, आणि तिथला पहिला निखारा पेटला तशी आमची ही कहाणी विझली. तुमच्या चुली पेटत्या राहोत.